खलीलभाईंचा जंतू

खलीलभाईंना एखादी नवी गोष्ट कळली की ते आधी चष्मा काढायचे. ज्या माणसाला जवळचं धड दिसत नाही त्यानं नेमका महत्त्वाच्या वेळी चष्मा काढावा, हे मला अकरा वर्षांत कधी पटलं नाही. त्यांचं म्हणणं, चष्मा वाचायला लागतो, सांगायला कशाला? आणि मग ते सांगत सुटायचे. समोर कोण आहे, त्याला घाई आहे का, त्याच्या दंडाला अजून रबर बांधलेलं आहे का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

भिंगारच्या जुन्या बाजारात, भांड्यांच्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांत त्यांची लॅब होती. लष्कराच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामावर त्यांनी सिव्हिलियन म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि महिन्याच्या आत ही लॅब टाकली. मी तिथं नावं लिहून घ्यायचे, रिपोर्ट टाइप करायचे आणि भांडणं मिटवायचे. दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून गेले होते. दुसरं काही मी नंतर शोधलंच नाही, कारण तिथल्याइतकी करमणूक नगर जिल्ह्यात दुसरीकडे नव्हती.

तपासायला आलेल्या नमुन्यांना ते 'पाहुणे' म्हणायचे. सकाळी जिना चढतानाच विचारायचे, "ताई, पाहुणे आले का?" कुणी शौचाची डबी चार पिशव्यांत गुंडाळून, मान खाली घालून आणायचा. खलीलभाई ती दोन्ही हातांनी घ्यायचे आणि सांगायचे की लाजायचं काही कारण नाही, घरची खरी बातमी यातच असते. रक्त घेताना ते काल रात्री जेवायला काय केलं होतं ते विचारायचे. माणूस वांग्याच्या भरितावर येईपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. भिंगारमधल्या निम्म्या घरांचं रात्रीचं जेवण त्यांना तोंडपाठ होतं. रिपोर्ट वाईट आला तर वाईट म्हणायचे नाहीत. "रिपोर्ट जरा बोलका हाय," एवढंच म्हणायचे आणि समोरच्या डॉक्टरबाईंकडे पाठवायचे.

एकच गोष्ट त्यांना जमायची नाही. 'कदाचित' हा शब्द त्यांच्या तोंडात टिकायचा नाही. वाचताना दिसायचा, लिहून घेताना वहीत असायचा, पण सांगायला लागले की घाईत कुठंतरी गळून पडायचा. मी त्यांना त्यावरून चिडवायचे. तेव्हा ते चिडवण्याइतकंच वाटायचं.

एकदा नगरला लॅबवाल्यांसाठी व्याख्यान होतं. त्या दिवशी परत येताना खलीलभाई सिटीबसमधून उतरायचेच विसरले. दोन थांबे पुढं जाऊन भर उन्हात चालत आले आणि जिन्यातच त्यांच्या हातात चष्मा होता. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, पोटातला तो जंतू माहीत आहे ना? मला माहीत होता. जठरात, जिथं आम्लात काही जगू नये तिथं मजेत राहतो आणि अल्सर करतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आता नवीन ऐकून आले होते ते असं की, हा जंतू ज्यांच्या पोटात वर्षानुवर्षं असतो त्यांच्यात मोठेपणी होणारा मधुमेह जास्त आढळतो, असं अनेक ठिकाणच्या डॉक्टरांना दिसलं आहे. का, ते पक्कं कुणाला ठाऊक नाही. जंतूमुळे अंगात एक बारीक सूज सतत राहते, त्यानं इन्सुलिनचं काम बिघडत असेल. भुकेचा कारभार पाहणारी पोटातली रसायनं बिघडत असतील. काहींना तर असा संबंध दिसलेलाच नाही. हे सगळं वहीत होतं, अगदी 'कदाचित'सकट, मी वाचलं. पण खलीलभाईंनी संध्याकाळपर्यंत बाजारात जे सांगितलं त्यात ते नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून साखर तपासायला येणाऱ्या प्रत्येकाची ढेकरांची चौकशी सुरू झाली आणि उत्तरं नावानिशी एका वेगळ्या वहीत उतरायला लागली. जळजळतं का, आंबट वर येतं का, पहाटे पोटात खड्डा पडल्यासारखं होतं का. एका शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की यांची तब्येत बरी आहे ना. भिंगारमध्ये जळजळ नाही असा माणूस सापडायला तयार नव्हता आणि खलीलभाईंचा आनंद गगनात मावत नव्हता. आपल्या हातून काहीतरी मोठं उघडकीला येणार असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरबाई वयानं लहान, पण कडक. त्यांनी बजावलं, ज्यांना गरज आहे त्यांचीच तपासणी होईल, तुमच्या हौसेसाठी कुणाची नाही. तरी त्यांनी पाठवलेलेही पुष्कळ होते.

आणि एकाच्याही पोटात जंतू सापडेना. जंतूसाठी शौच तपासायच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तर जंतू आहे, एक आली तर नाही. रोज एकच रेघ. खलीलभाईंनी पट्ट्यांचा नवा गठ्ठा मागवला, तरी एकच रेघ. मग ते बोलेनासे झाले. रक्त घ्यायचं तर गुपचूप. लोक माझ्याकडे तक्रार करायला लागले की हल्ली सुई दुखते.

आता बबनरावांना आणलं पाहिजे. बबनराव लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, खलीलभाईंच्या बरोबरीनं नोकरीला लागलेले, त्यांच्याच आगेमागे निवृत्त झालेले. आता लग्नातले आचारी. श्रीरामपूर, बेलापूर, पार पाथर्डीपर्यंत त्यांच्या बुंदीसाठी लोक लग्नाची तारीख बदलायचे. सहा वर्षांपासून शुगर आणि त्याच्या कितीतरी आधीपासून छातीत जळजळ. रोज चार वाजता ते लॅबमध्ये चहाला यायचे. घरी बिनसाखरेचा मिळतो म्हणून इथं साखरेचा प्यायचे, आणि त्यांची पाठ वळली की मी त्यातला अर्धा ओतून द्यायचे. त्यांचीही तपासणी झाली होती. एक रेघ.

त्या दिवशी चहा आला. बबनरावांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी दाबून काढली आणि वेलदोडा टाकावा तशी तोंडात टाकली. खलीलभाई बघत होते.

"बबन, हे काय?"

"गॅसची गोळी."

"रोज घेतोस?"

"रोज म्हंजे सकाळी चहाच्या आदी एक. लग्न असलं तर दुपारी एक."

"मी तुला विचारलं हुतं, काही औषध चालू हाय का. तू न्हाई म्हणालास."

"मग? हे औषध कुटं हाय? गॅसची गोळी हाय."

चष्मा निघाला. मला काही कळायच्या आत खलीलभाई उठून उभे राहिले होते आणि मी माझ्या पर्समध्ये हात घातला होता, कारण तिच्यातही तीच पट्टी होती. प्रत्येक फॉर्मवर 'सध्या चालू औषधे' या रकान्यात मी स्वतःच्या हातानं 'नाही' लिहिलं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं. ही गोळी किराणा दुकानातही मिळायची, सासू सुनेला द्यायची, आणि बबनराव तर पंगत उठली की बडीशेपेच्या ताटात दोन पट्ट्या कापून ठेवायचे. तिला औषध कोण म्हणणार?

खलीलभाईंनी तिथल्या तिथं आम्हाला समजावलं. गोळीनं आम्ल कमी होतं. जंतू मरत नाही, पण दबून बसतो आणि तपासणीत सापडत नाही. निदान दोन आठवडे गोळी बंद ठेवून मग तपासायचं असतं. हे त्यांना पाठ होतं, फक्त त्या गोळीला औषध म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ते जिन्यात गेले आणि खालच्या भांडेवाल्याला विचारलं, गॅसची गोळी घेता का? तो म्हणाला, रोज. त्यांनी पोस्टमनला विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं, दळण घेऊन चाललेल्या बाईला विचारलं. सगळे रोज. एखाद्याला लॉटरी लागावी तसे ते प्रत्येक 'रोज'ला खूश होत होते. त्या दिवशी संध्याकाळी मी नवा फॉर्म टाइप केला, त्यात पहिलाच प्रश्न गॅसच्या गोळीचा.

डॉक्टरबाईंच्या संमतीनं बबनरावांची गोळी बंद झाली. ऐन लग्नसराईत. ते बेलापूरला मोठ्या कामावर होते आणि तिथून फोन करून खलीलभाईंना रोज शिव्या घालायचे. पंधराव्या दिवशी ते पाहुणे घेऊन आले. ईदचा चंद्र दिसल्यासारखं खलीलभाईंनी मला खिडकीशी बोलावलं. पट्टीवर दुसरी रेघ उमटत होती, आधी फिकट, मग ठळक. मी खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

बबनरावांनी चौदा दिवस डॉक्टरबाईंनी दिलेल्या, जंतू मारायच्या गोळ्यांचा मारा सोसला. तोंडाची चव गेली, सगळं लोखंडासारखं लागायला लागलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाजीचं मीठ त्यांच्या बायकोनं, शकूवहिनींनी, पाहिलं. पुढं महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा तपासणी झाली तेव्हा एकच रेघ होती. यावेळी खरी. जळजळ गेली होती. बबनराव मिरचीचा ठेचा खाऊन लॅबमध्ये येऊन बसले आणि काही झालं नाही म्हणून तासभर हसत होते.

खलीलभाईंचे ते दिवस मी विसरणार नाही. आणखी काही जणांच्या पोटात जंतू सापडला, त्यांनाही बरं वाटलं. चहाच्या हॉटेलात, मशिदीच्या ओट्यावर, भाजीबाजारात हा माणूस हातवारे करून सांगत होता, "पोटातला जंतू आन् रक्तातली साखर, दोघांचं साटंलोटं हाय." लोक ऐकायचे. इतक्या आनंदानं कुणी काही सांगत असेल तर कोण नाही ऐकणार?

मग बबनराव दिसेनासे झाले. लग्नं आहेत, असं आम्ही धरून चाललो. दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी ते जिना धरून धरून वर आले. एका पायातली चप्पल पुढून कापलेली आणि बोटाला फडकं बांधलेलं. उकळत्या तेलाचा थेंब पडला होता, म्हणाले, महिना झाला, भरतच नाही. दुखत मात्र नाही, हे त्यांनी बरी बातमी म्हणून सांगितलं. खलीलभाईंनी फडकं सोडलं. मी तोंड फिरवलं.

त्यांनी साखर तपासली. आकडा पाहिला आणि पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तपासली. एकाच माणसाची साखर लागोपाठ दोनदा तपासताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. आकडा जवळपास तोच होता.

"शुगरच्या गोळ्या घेतोस ना?"

"त्या कवाच बंद केल्या. जंतू मेला ना. तूच म्हणालास, दोगांचं साटंलोटं हाय. एक मेला तर दुसरा कुनाच्या जिवावर ऱ्हाईल?"

बबनराव तक्रार करत नव्हते. कौतुकानं सांगत होते. आपल्या दोस्तानं शोधून काढलेली गोष्ट आपल्याला किती नीट समजली आहे, हे दाखवत होते. खलीलभाईंनी त्यांचा पाय मांडीवर तसाच धरून ठेवला.

त्याच दिवशी रिक्षा करून बबनरावांना नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, बोट तर जाणार, पाऊल वाचतंय का ते पाहू. बबनरावांना तासन् तास चुलाणापुढं उभं राहूनच पोट भरायचं होतं, पाऊल गेलं असतं तर सगळंच संपलं असतं. खलीलभाईंनी लॅबला कुलूप लावलं आणि ते दवाखान्यात जाऊन बसले. मी डबा घेऊन जायचे. बाकावर शकूवहिनी एका टोकाला आणि हे दुसऱ्या टोकाला, मधे पिशव्या. चौथ्या की पाचव्या दिवशी वहिनी बोलल्या. आवाजात राग नव्हता.

"भाऊजी, तुमी सांगितलेलं ह्यांना देवाच्या वरचं वाटतं. जरा जपून सांगत जा."

खलीलभाई उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुऊन आले. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. वहीतला तो शब्द त्यांनी नीट उच्चारला असता तर? पण अशी घाई केली नसती तर ती रेघही कधी उमटली नसती, आणि मग मला कुणावर रागवायचं तेच कळेना.

पाऊल वाचलं. बोट एक गेलं.

बबनराव घरी आल्यावर खलीलभाईंनी ती ढेकरांची वही काढली आणि तिच्यातल्या प्रत्येक नावापुढं जाऊन उभं राहायचं ठरवलं. स्कूटरवरून घरोघर गेले. विचारायचे एकच, शुगरची गोळी बंद तर नाही ना केली? तीन जणांनी केली होती. बाजारातला चपलांचा दुकानदार, एक निवृत्त कंडक्टर, आणि वहीत नाव नसलेली बेलापूरची एक वाढपी बाई, जिला हे ज्ञान बबनरावांकडून मिळालं होतं. बेलापूरला ते एस.टी.नं गेले, बाईला तिथल्या डॉक्टरकडे बसवून, गोळ्या हातात पडलेल्या बघून मगच परतले. ज्या हॉटेलात त्यांनी साटंलोटं सांगितलं होतं, तिथंच उभं राहून त्यांनी सांगितलं की मी तुम्हाला अर्धं सांगितलं होतं. संबंध दिसतो, पण जंतू मारून साखर जाते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. माझी चूक झाली. लोकांनी ते ऐकून घेतलं, पण पहिल्याइतकी मजा त्यांना आली नाही.

शुगरच्या गोळ्या बंद करू नका, असा कागद लॅबच्या दारावर लावायचा ठरला. मी टाइप केला, त्यांनी अक्षर मोठं करायला लावलं, मग आणखी मोठं, शेवटी 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय' एवढ्यालाच एक ओळ लागली.

मला भीती होती की हा माणूस आता विझणार. महिनाभर विझलेलाच होता. मग एका सकाळी मोबाईलवर कुठला तरी लेख वाचता वाचता त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि मला इतकं बरं वाटलं की मी आपण होऊन विचारलं, काय झालं? फरक एवढाच, की आता ते लेखाचा शेवटचा परिच्छेद, जिथं लिहिणारे स्वतःच्या शंका सांगतात, तो मला मोठ्यानं वाचायला लावायचे. रांगेतल्या लोकांनाही तो ऐकावा लागायचा.

दीड-दोन वर्षांनी, हिवाळ्यात, लॅबला निघायच्या तयारीत असताना खलीलभाई घरातच गेले. काही न सांगता. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसानं असं जावं याचा मला अजून राग येतो.

त्याच्या महिनाभर आधी बेलापूरला माझ्या आतेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आचारी बबनराव. मी आमटीत मीठ आहे ना हे विचारायच्या निमित्तानं मांडवामागं गेले, तर तिथं खलीलभाई. त्यांना या लग्नाचं आमंत्रण नव्हतं. पातेल्यांच्या मधे ते उकिडवे बसले होते. समोर खुर्चीवर बबनराव, पायातला बूट-मोजा काढलेला, हातात झारा. खलीलभाई मोबाईलच्या उजेडात एकेक बोट बाजूला करून मधली जागा पाहत होते. पंगत बसायची होती, वाढपी खोळंबले होते, वधूपिता दोनदा येऊन गेला. बबनराव म्हणाले, आरं लोकं जेवायची हायेत. खलीलभाई म्हणाले, जेवतील. दुसऱ्या पायाचाही बूट काढायला लावला. नऊच्या नऊ बोटं बघून झाली, मोजे परत चढवून झाले, तेव्हा ते गुडघे धरत उठले. हात धुतले. खिशातून घडी घातलेले कागद काढले. काहीतरी नवीन मिळालं होतं, आणि ते सांगायला म्हणून हा माणूस भिंगारहून इथपर्यंत आला होता. पण कागद हातातच राहिले, सुरुवात काही होईना. इतकं अडखळताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

बबनरावांनी झारा कढईवर आडवा ठेवला.

"सांग की. काय बी सांग, मी ऐकतो. पर गोळ्या मी बंद करनार न्हाई."

खलीलभाई तिथंच बटाट्याच्या पोत्यावर बसले आणि बाहीनं डोळे पुसायला लागले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. सगळी पंगत ताटकळत होती आणि बबनराव खुर्ची पुढं ओढून ऐकत होते.